क्रूडपासून पेट्रोल, डिझेल आणि बाकी सगळं कसं बनतं: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं रिफायनरीत शिफ्ट केली, ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून रिटायर झालो. कुठली रिफायनरी ते सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच "आमच्या भाच्याला चिकटवता का कुठेतरी" सुरू होतं. पण लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, गावी पारावर, सगळीकडे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच ठेवावं, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

तेलशुद्धीकरण म्हणजे नेमकं काय करतात, कचरा काढतात का?

या शुद्धीकरण शब्दानेच सगळा घोळ केलाय बघा. लोकांना वाटतं जमिनीतून घाण पेट्रोल निघतं आणि रिफायनरीत ते गाळून स्वच्छ करतात. तसं नाहीये. क्रूड म्हणजे जमिनीतून निघणारं कच्चं तेल, ती हजारो वेगवेगळ्या हायड्रोकार्बनची (कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांची) मिसळ असते, अगदी हलक्या गॅसपासून ते डांबरासारख्या घट्ट चिकट मालापर्यंत सगळं एकमेकांत विरघळलेलं, आणि रिफायनरीचं पहिलं काम म्हणजे ते वेगवेगळं करणं, दुसरं काम म्हणजे जे कमी खपतं त्याचं जे जास्त खपतं त्यात रूपांतर करणं. साफसफाई वगैरे तिसरं.

मी नारळाचं उदाहरण देतो. नारळ सोलून फोडला की पाणी, खोबरं, करवंटी, काथ्या सगळं एकदम पदरात पडतं, मला फक्त खोबरं पाहिजे म्हणून करवंटी नसलेला नारळ बाजारात मिळत नाही. क्रूडचं तेच. पेट्रोल काढायला गेलात की डिझेल येणारच, रॉकेल येणारच, तळाशी काळा गाळ राहणारच, आणि या सगळ्याला गिऱ्हाईक लागतं. एकाचं जरी गिऱ्हाईक थांबलं तरी टाक्या भरतात आणि टाक्या भरल्या की आख्खा प्लांट मंद करावा लागतो. हे एवढं डोक्यात बसलं तर खालचं सगळं आपोआप समजेल.

क्रूड काळंच असतं का?

बहुतेक वेळा काळं किंवा गडद तपकिरी, पण सगळं सारखं नसतं. काही पातळ असतं, काही थंडीत काकवीसारखं घट्ट होतं. आपल्या मुंबई हायचं (१९७४ ला सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू) क्रूड हलकं आणि कमी गंधकाचं, पण त्यात मेण खूप, म्हणजे गार झालं की गोठायला बघतं. आखातातलं अरब लाइट घेतलं तर त्यात गंधक पावणेदोन-दोन टक्क्यांच्या घरात. कमी गंधकाच्या क्रूडला धंद्यात स्वीट म्हणतात आणि जास्तवाल्याला सावर, म्हणजे गोड आणि आंबट. आंबट क्रूड स्वस्त मिळतं पण त्यासाठी प्लांट तसा बांधावा लागतो, उगाच कोणतंही क्रूड कोणत्याही रिफायनरीत ओतता येत नाही. "रशियाचं स्वस्त मिळतंय तर सगळं तेच का घेत नाही" याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मुंबईत क्रूड येतं कसं? टँकर तर कधी दिसत नाही.

रस्त्याने येतच नाही म्हणून दिसत नाही. मोठी जहाजं जवाहर द्वीपला लागतात, जुनी माणसं त्याला बुचर आयलंड म्हणतात, एलिफंटाच्या बोटीतून जाताना ज्या टाक्या दिसतात तेच. तिथून समुद्राच्या तळातून पाइपलाइनने माहुलच्या रिफायनऱ्यांत. या दोन्ही रिफायनऱ्या जुन्या, एक १९५४ ची आणि एक १९५५ ची, तेव्हा एस्सो आणि बर्मा शेल अशी परदेशी नावं होती. १९७४ आणि १९७६ ला सरकारने ताब्यात घेतल्या आणि आजच्या हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम झाल्या. आता चेंबूर भोवतीने एवढं वाढलंय की रिफायनरी गावात आली की गाव रिफायनरीत गेलं ते कळत नाही.

देशातली सगळ्यात जुनी मात्र आसामात दिगबोईला, १९०१ ची, अजून चालू आहे.

मग आल्या आल्या पेट्रोल काढायला घेतात का?

नाही हो. आधी टाकीत निवळू देतात, पाणी खाली बसतं ते काढून टाकतात. मग डिसॉल्टर. क्रूडमध्ये खारं पाणी आणि मीठ असतं, ते तसंच तापवलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिड तयार होतं आणि कॉलमच्या (तो उंच मनोरा, खाली सांगतो) वरच्या पाइपांना खाऊन टाकतं. म्हणून क्रूड १२०-१४० अंशांपर्यंत कोमट (आमच्या भाषेत कोमट!) करून त्यात गोडं पाणी घुसळतात आणि विजेच्या दाबाने पाण्याचे बारीक थेंब एकत्र आणून खाली बसवतात, मीठ पाण्याबरोबर निघून जातं. बाहेरच्याला हे काम किरकोळ वाटतं पण डिसॉल्टर नीट चालत नसेल तर पुढे मेंटेनन्सवाल्यांची दिवाळी.

तो उंच मनोरा असतो त्यात काय होतं?

तो मेन कॉलम. हे मला सगळ्यात आवडतं सांगायला, त्यामुळे जरा लांबेल.

क्रूड भट्टीत ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवतात. गंमत म्हणजे बरंचसं तापवणं फुकटात होतं, कारण कॉलममधून बाहेर पडणारे गरम माल थंड करायचे असतात आणि आत येणारं गार क्रूड गरम करायचं असतं, मग दोघांना एक्स्चेंजरमध्ये शेजारी शेजारी फिरवायचं, भट्टीला फक्त शेवटचा हिस्सा तापवायचा राहतो. ३७० च्या फार वर नेत नाहीत, कारण मग तेल तुटायला लागतं आणि भट्टीच्या नळ्यांत आतून कोळसा धरतो.

हे गरम क्रूड कॉलमच्या खालच्या बाजूला सोडलं की बरंचसं वाफ होऊन वर चढतं. कॉलम दहा-पंधरा मजली बिल्डिंगएवढा उंच, आत चाळीसेक ट्रे, म्हणजे भोकांच्या थाळ्या एकावर एक. खाली गरम, वर गार. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ लागून पाणी साचतं ना, तसं इथे प्रत्येक उंचीवर ज्याला जिथे गार वाटतं तो तिथे द्रव होऊन थाळीत बसतो. अगदी माथ्यावरून गॅस आणि नाफ्था (पेट्रोलचा कच्चा माल), त्याखाली रॉकेल, त्याखाली डिझेल, आणि ज्याची वाफच झाली नाही तो काळा माल बुडातून. गोव्यात काजूच्या भाटीवर आधी हुर्राक काढतात आणि ती परत भाटीवर चढवून फेणी काढतात, तत्त्व तेच, फक्त इथे एकाच भाटीला चार-पाच नळ लावलेत आणि ती रात्रंदिवस तीन-चार वर्षं न थांबता चालते.

नवीन लागलो तेव्हा रात्रपाळीत सॅम्पल काढायचं काम माझं. पहाटे तीनला काचेच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन जायचं, नळ उघडून आधी बाटली तीनदा त्याच मालाने खळखळून टाकायची, मग भरायची. नाफ्था पाण्यासारखा स्वच्छ, बोटावर पडला की क्षणात उडून जाणार आणि बोट गार करून जाणार. रॉकेल पण पाण्यासारखंच, पण ते उडत नाही, हाताला राहतं. डिझेल फिकट पिवळं. आमचे सीनियर बाटली ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे, रॉकेलला जरा जरी पिवळट झाक दिसली की म्हणायचे खालचा माल वर उडतोय, लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी कंट्रोल रूमच्या पॅनलला फोन. घरी आलो की बायको दारातच म्हणायची, रेशनच्या दुकानात काम करता की रिफायनरीत.

या कॉलममध्ये काही बिघडलं तर?

एक किस्सा सांगतो. शटडाउननंतर प्लांट चालू करत होतो, एका लाइनच्या खालच्या वळणात पाणी साचून राहिलेलं, ड्रेन करायचं राहून गेलं, घाई होती आणि यादीवर टिक आधीच मारलेली. ते पाणी गरम कॉलममध्ये गेलं. पाण्याची वाफ झाली की साधारण सोळाशे पट जागा मागते, बादलीभर पाण्याला आतमध्ये ती जागा कुठून मिळणार. धप्प असा एकच आवाज आला, बाहेर काहीच दिसलं नाही, पण त्यानंतर रॉकेल सुधरेना, डिझेल सुधरेना, सगळे माल एकमेकांत. शेवटी परत बंद करून उघडलं तर आतल्या सहा-सात थाळ्या तळलेल्या पापडासारख्या वाकलेल्या. कोणाला इजा झाली नाही एवढंच नशीब. टिक मारणारा मीच होतो.

एका पिंपातून पेट्रोल किती निघतं?

एक बॅरल म्हणजे १५९ लिटर (४२ अमेरिकन गॅलन). नुसत्या कॉलममधून पेट्रोल म्हणावं असं जवळपास काहीच निघत नाही! वरून निघतो तो नाफ्था, त्याचा ऑक्टेन (इंजिनात अवेळी न पेटण्याचा आकडा) साधारण साठ-सत्तर, गाडीत टाकला तर इंजिन ठोके मारेल. आपल्याकडे साध्या पेट्रोलला नव्वदच्या वर लागतो. मग तो नाफ्था रिफॉर्मरमध्ये ५०० अंशांच्या आसपास प्लॅटिनमच्या कॅटलिस्टवरून (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) नेतात, तिथे रेणूंचा आकार बदलतो, सरळ साखळ्यांची कडी होते आणि ऑक्टेन वाढतो. हो, प्लॅटिनम, सोनाराकडचंच. ते कॅटलिस्ट आलं की गेटपासून प्लांटपर्यंत सिक्युरिटी बरोबर. या रिफॉर्मरमधून हायड्रोजन पण निघतो, तो लक्षात ठेवा, खाली लागेल.

पण एवढ्याने पेट्रोल पुरत नाही. बुडातून जो काळा माल निघतो तो, क्रूड कुठलं आहे त्यावर, निम्म्याच्या जवळपासही असू शकतो, तो तसाच विकला तर दिवाळं निघेल. म्हणून त्याला दुसऱ्या कॉलममध्ये नेतात, तिथे आतला दाब एकदम कमी केलेला असतो, व्हॅक्यूम. महाबळेश्वरला पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळतं त्याचाच हा टोकाचा प्रकार, दाब कमी तर उकळणं लवकर, त्यामुळे तेल न जाळता अजून माल काढता येतो. निघालेल्या या जड तेलाला व्हॅक्यूम गॅस ऑइल म्हणतात, आणि ते जातं क्रॅकरमध्ये.

कॅट क्रॅकर, हायड्रोक्रॅकर ही काय भानगड आहे?

लांब रेणू तोडून लहान करायचे, बस. खरे पैसे इथेच.

कॅट क्रॅकरमध्ये कॅटलिस्ट म्हणजे मैद्यासारखी बारीक पावडर, वाफ आणि हवेच्या जोरावर ती पाण्यासारखी वाहते. सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांना गरम पावडर आणि तेल एकत्र येतात, उभ्या पाइपातून दोन-चार सेकंदांत वर जाईपर्यंत तेल तुटून पेट्रोल आणि गॅस होतं. त्यात पावडरवर काजळी बसते, ती शेजारच्या भांड्यात ७०० अंशांना जाळून टाकतात, आणि त्याच आगीने तापलेली पावडर परत कामाला. म्हणजे स्वतःच्या कचऱ्यावर स्वतःची चूल, यापेक्षा हुशार यंत्र मी बघितलं नाही. पहिलं असं युनिट अमेरिकेत १९४२ ला चालू झालं, महायुद्धात विमानांना पेट्रोल कमी पडत होतं म्हणून.

हायड्रोक्रॅकर पण तोडतोच, पण हायड्रोजनच्या दाबाखाली, दीडशे बारच्या आसपास, म्हणजे तुमच्या कारच्या टायरमधल्या हवेच्या साठ-सत्तर पट. त्यातून डिझेल आणि विमानाचं इंधन जास्त आणि स्वच्छ निघतं. आपल्या देशाला तेच परवडतं कारण आपल्याकडे डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे, ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, सगळं त्याच्यावर. अमेरिकेत उलट, तिकडे पेट्रोल जास्त. त्यामुळे तिकडच्या रिफायनरीचा नकाशा आणून इकडे तसाच बांधला तर फसेल.

अजून एक मजा, तोडलेला माल हलका होतो म्हणून जागा जास्त व्यापतो, त्यामुळे १५९ लिटर आत घातलं की सगळे माल मिळून १५९ लिटरपेक्षा थोडं जास्तच बाहेर येतं. वजन मात्र वाढत नाही, गैरसमज नको, उलट थोडं रिफायनरीच्याच भट्ट्यांत जळून जातं.

बीएस-६ आलं म्हणजे नक्की काय बदललं?

बीएस-६ म्हणजे भारत स्टेज ६, गाड्यांच्या धुराचे आणि इंधनाचे सरकारी नियम. १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणलं. ऐकायला काहीच वाटत नाही म्हणून हिशेब सांगतो, २० हजार लिटर डिझेलच्या आख्ख्या टँकरमध्ये मिळून आता जास्तीत जास्त १६०-१७० ग्रॅम गंधक असू शकतं. वाटीभर.

गंधक काढायला डिझेल आणि हायड्रोजन (वर लक्षात ठेवायला सांगितलेला, आणि तो पुरत नाही म्हणून नॅचरल गॅस किंवा नाफ्थापासून वेगळा बनवलेला) कॅटलिस्टवरून नेतात, गंधक हायड्रोजनला चिकटतं आणि हायड्रोजन सल्फाइड होतो. हा गॅस म्हणजे रिफायनरीतला खरा वाघ. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला. आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, वास येतोय तोपर्यंत पळायला वेळ आहे, वास अचानक थांबला तर विचार करायला पण थांबू नका. छातीला लावलेला मीटर वाजला की चहाचा कप हातात असेल तर तो तिथेच सोडायचा, आणि आधी वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा कुठे उडतोय ते बघायचं, कारण पळायचं असतं ते वाऱ्याला आडवं.

मग ते काढलेलं गंधक जातं कुठे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात पण मला तो फार आवडतो. त्या गॅसचा थोडा भाग जाळून उरलेल्याशी भिडवतात आणि पिवळंधमक शुद्ध गंधक मिळतं, वितळलेलं असताना मधासारखं दिसतं. त्यातलं बरंच सल्फ्युरिक अॅसिड आणि खतांना जातं. पण आपल्या महाराष्ट्रात अजून दोन गिऱ्हाइकं आहेत, एक साखर कारखाना, जिथे उसाच्या रसाचा रंग काढायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, आणि दुसरा द्राक्ष बागायतदार, जो भुरी रोगावर गंधक मारतो. म्हणजे नाशिकच्या बागेतलं गंधक कधीकाळी आखातातल्या विहिरीत होतं हे शक्य आहे. आणि साखर कारखाना त्याची परतफेड करतो, कशी ते खाली इथेनॉलमध्ये वाचा.

चिमणीवर ती ज्योत का जळत असते? गॅस फुकट जाळतात ना?

ती फ्लेअर, रिफायनरीची सेफ्टी. कुकरची शिट्टी समजा. कुठे दाब वाढला की गॅस उघड्यावर सोडण्यापेक्षा तिथे नेऊन जाळायचा. छोटी पायलट ज्योत कायम पाहिजेच. मोठी भडकलेली दिसली तर समजा आत कुठलं तरी युनिट अचानक बंद पडलंय (आम्ही ट्रिप म्हणतो) आणि कंट्रोल रूममध्ये चार माणसं घामाघूम आहेत. रोज मोठी असेल तर मात्र प्रश्न विचारायलाच हवा.

आणि हवेचं विचाराल तर, लोकांना चिमणीच दिसते, पण त्रास देणारी वाफ बऱ्याचदा टाक्या भरताना, टँकर लोड करताना, जहाज रिकामं करताना निघते, ती दिसत नाही. माहुल-आंबापाड्याच्या हवेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये निकाल देऊन कंपन्यांना दंड केला तो याच उडणाऱ्या वाफांवरून. आमच्या लाइनीतले काही लोक यावर चिडतात, मी नाही चिडत, माझं पण घर त्याच वाऱ्यात होतं.

घरचा गॅस पण यातूनच येतो का?

हो, एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दाबाखाली द्रव करून १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये. थोडा रिफायनरीतून, थोडा उरणसारख्या ठिकाणी नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला, आणि निम्म्याहून जास्त बाहेरून जहाजाने येतो. गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो, तो वास मुद्दाम घातलेला असतो, मरकॅप्टन नावाचं रसायन, गळती कळावी म्हणून.

रॉकेल कुठे गेलं? आधी रांगा लागायच्या.

रॉकेल कुठेही गेलं नाही, विमानात बसलं. रॉकेल आणि विमानाचं इंधन हे कॉलममधून जवळपास एकाच जागेवरून निघतं, फरक म्हणजे विमानवाल्याच्या अटी कडक. उदाहरणार्थ ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये, कारण वर आकाशात तेवढी थंडी असते. घरोघरी गॅस आणि वीज पोचली, स्टोव्ह माळ्यावर गेले, मग हा माल तिकडे आणि उरलेला डिझेलमध्ये. रेशनचं रॉकेल निळं असायचं ते आठवतंय का? तो रंग डिझेलमध्ये भेसळ पकडता यावी म्हणून घालायचे. माझी आजी मात्र शेवटपर्यंत घासलेटच म्हणायची, आणि निळं घासलेट कमी उजेड देतं असं तिचं ठाम मत होतं, मी रिफायनरीत असून तिला पटवू शकलो नाही.

आणि डांबर?

व्हॅक्यूम कॉलमच्या बुडाचा माल. रस्त्याला वापरतात ते खरं म्हणजे बिटुमेन, डांबर मुळात कोळशापासूनचं, पण आपण सगळ्यालाच डांबर म्हणतो आणि चालतं. उरलेला गाळ कोकरमध्ये ५०० अंशांच्या जवळपास तापवून अजून पिळून काढतात, आणि शेवटी जो दगडासारखा कोळसा राहतो तो पेटकोक, सिमेंटच्या भट्ट्यांना जातो. करवंटी पण विकली गेली बघा.

बाकी वंगणाचं बेस ऑइल, मेणबत्तीचं मेण, व्हॅसलीन, हे त्याच जड तेलातून. प्लास्टिक नाफ्थापासून किंवा गॅसपासून. नागोठण्याचा प्लास्टिकचा कारखाना उभारला तो उरणहून येणाऱ्या गॅसवर.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पंपावरचं पेट्रोल वेगळं असतं का?

साधं पेट्रोल सगळ्यांचं एकाच मानकात बसावं लागतं, आणि कंपन्या एकमेकांचा माल घेतात पण, कारण प्रत्येकाची रिफायनरी प्रत्येक जिल्ह्याजवळ नाही. पाइपलाइनचं ऐका. मुंबईहून एक लाइन मनमाडला पानेवाडी डेपोला जाते आणि पुढे दिल्लीकडे, दुसरी पुणे-सोलापूरला. एकाच पाइपातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल एकामागून एक सोडतात, मध्ये पडदा वगैरे काही नसतो. जिथे दोन माल भेटतात तिथे थोडी मिसळ होतेच, डेपोवर घनता बघून ती मिसळ वेगळ्या टाकीत घेतात. माझा मेहुणा याच कामात होता, म्हणायचा अर्ध्या मिनिटाचा उशीर आणि डिझेलच्या टाकीत पेट्रोल.

इथेनॉल रिफायनरीतच घालतात का? मायलेज कमी होतं का?

रिफायनरीत नाही, डेपोवर, टँकर भरताना. इथेनॉल पाणी पटकन ओढून घेतं आणि पाइपलाइनमध्ये थोडं पाणी कुठेतरी असतंच, पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. आता २० टक्के मिसळतात, बरंचसं ऊस आणि मका-तांदूळ यातून. ही कारखान्याची परतफेड, रिफायनरीने गंधक दिलं, कारखान्याने इथेनॉल दिलं. ऑक्टेन वाढतो हा फायदा. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी, त्यामुळे मायलेज थोडं कमी होणारच, कोणी काही म्हणो. जुन्या गाडीचे रबराचे पाइप, गॅस्केट मेकॅनिककडून बघून घ्या.

क्रूड स्वस्त झालं तरी पेट्रोल स्वस्त का होत नाही?

हा प्रश्न अर्थमंत्र्यांना विचारा, मी ऑपरेटर. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट वेगळा, एवढं सांगून थांबतो. पण २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा वायदा उणे ३७ डॉलरला गेला होता ते आठवत असेल, म्हणजे माल घेऊन जा आणि वर पैसे घ्या. लॉकडाउनमध्ये गाड्या बंद, टाक्या भरलेल्या, विहिरी एकदम बंद करता येत नाहीत. गिऱ्हाईक थांबलं की काय होतं म्हणालो ना वर, ते असं.

सकाळी पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणे?

नाही. पेट्रोल तापमानाने फुगतं हे खरं, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचत नाही. समजा एक अंशाचा फरक धरला तरी १० लिटरमागे १०-१२ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. त्यापेक्षा शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि फिल्टर पेपर पण मागा. नोझल पुसून त्या कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा आणि दोन मिनिटं थांबायचं, चांगलं असेल तर उडून जातं, डाग राहिला तर मॅनेजरला बोलवा.